साम्यवाद गेला, गणना चालू राहिली : मध्य आणि पूर्व युरोपातील हौशी वन्यजीव-निरीक्षक

माळरान (धागाकर्ता)

पूर्व युरोपातील साम्यवादी राजवटी कशा कोसळल्या हे सांगताना बर्लिनची भिंत, ग्दान्स्कची गोदी आणि प्रागचे चौक यांचा उल्लेख हमखास येतो. नदी, जंगल आणि पक्षी यांच्यासाठी एकत्र आलेल्या माणसांचा उल्लेख त्या मानाने कमी होतो, आणि झालाच तर तो आंदोलनापुरता. या धाग्यात मला आंदोलकांपेक्षाही अधिक त्या माणसांविषयी लिहायचे आहे, जी दर वर्षी ठरलेल्या वाटेने जाऊन, ठरलेल्या जागी थांबून, दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या पक्ष्यांची नोंद करत राहिली. राजवट होती तेव्हाही आणि ती गेल्यावरही. १९८९ नंतर त्या प्रदेशात ज्या संघटना तग धरून राहिल्या आणि ज्यांनी खरोखर काही वाचवले, त्यांतल्या बऱ्याच जणींचा पाया ही गणनाच होती, आणि त्या गणनेला बळ आले ते न्यायालयाचे दार उघडे असलेल्या देशांतच, असे माझे मत आहे. ते कशावरून झाले, हे मांडतो.

आधी आंदोलनांविषयी. चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरी यांनी १९७७ मध्ये करार करून डॅन्यूब नदीवर गाब्चिकोवो आणि नाजमारोश येथे धरणे बांधायचे ठरवले. यानोश वारगा या जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९८४ मध्ये स्थापन झालेल्या ‘दूना कॉर’ या गटाने त्याला विरोध केला, १९८५ मध्ये त्या गटाला ‘राइट लाइव्हलीहूड’ पुरस्कार मिळाला, १९८८ च्या सप्टेंबरात बुडापेस्टच्या संसदेसमोर हजारो लोक जमले आणि १९८९ च्या मे महिन्यात हंगेरी सरकारला नाजमारोशचे काम थांबवावे लागले. लॅटव्हियात दाउगाव्हा नदीवरील जलविद्युत प्रकल्पाविरुद्ध १९८६ मध्ये दाइनिस ईव्हान्स आणि आर्तुर्स स्निप्स यांनी एका साप्ताहिकात लेख लिहिला, वाचकांच्या पत्रांचा आणि सह्यांचा पूर लोटला, आणि पुढच्याच वर्षी मॉस्कोने तो प्रकल्प सोडून दिला. एस्टोनियात १९८७ मध्ये फॉस्फोराइटच्या खाणींविरुद्ध असेच वादळ उठले. बल्गेरियात डॅन्यूबकाठच्या रुसे शहरातील लोक समोरच्या रुमानियन किनाऱ्यावरील कारखान्यातून येणाऱ्या क्लोरीनमुळे हैराण झाले होते. तिथल्या असंतोषाच्या पाठोपाठ ‘एकोग्लासनोस्त’ ही संघटना उभी राहिली. तिचा सोफियातील मोर्चा ३ नोव्हेंबर १९८९ चा, आणि बल्गेरियाचे साम्यवादी सत्ताधीश तोदोर झिव्हकोव यांना सत्तेवरून दूर केले गेले ते १० नोव्हेंबरला.

हे सगळे शक्य झाले याचे एक कारण असे, की पर्यावरण हा विषय राजवटींना बराच काळ राजकारणाबाहेरचा वाटत होता. लेखणीवर आणि सभेवर बंदी असलेल्या समाजात झाडे लावणे, घरटी बांधणे, पक्षी मोजणे या गोष्टींना मोकळीक होती. तरीही या मोकळिकीची कड फार तीक्ष्ण होती. पूर्व जर्मनीच्या मंत्रिमंडळाने १९८२ मध्ये पर्यावरणविषयक आकडेवारी गोपनीय ठरवली, म्हणजे हवेत गंधकाचे प्रमाण किती आहे हे सांगणे गुन्हा झाला. शेतात चंडोल किती आहेत हे सांगायला मात्र कोणाची हरकत नव्हती. चंडोलाचा आकडासुद्धा शेवटी त्याच शेताविषयी आणि त्याच धोरणाविषयी बोलतो, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

या मोकळिकीतूनच काही भक्कम संस्था वाढल्या. हंगेरीची पक्षी व निसर्ग संरक्षण संस्था, म्हणजे ‘एमएमई’, १९७४ ची. चेकोस्लोव्हाकियात १९८० च्या दशकाच्या आरंभी सामान्य पक्ष्यांची देशव्यापी वार्षिक गणना सुरू झाली. बल्गेरियाची पक्षीरक्षण संस्था १९८८ ची, म्हणजे झिव्हकोव यांच्या काळातलीच. पोलंडच्या ‘ओटॉप’ या पक्षीरक्षण संस्थेचा जन्म मात्र १९९१ चा.

राजवटी गेल्यावर काय झाले? आंदोलनांतील कर्ती माणसे मोठ्या संख्येने राजकारणात आणि प्रशासनात गेली. ईव्हान्स लॅटव्हियाच्या लोकआघाडीचे पहिले अध्यक्ष झाले. डॅन्यूबच्या लढ्यात कायद्याची बाजू सांभाळणारे लास्लो शोयोम पुढे हंगेरीच्या घटनात्मक न्यायालयाचे अध्यक्ष आणि २००५ ते २०१० या काळात राष्ट्राध्यक्ष होते. नव्वदच्या दशकात पश्चिमेकडून अनुदाने आली. हंगेरीत १९९० मध्ये प्रादेशिक पर्यावरण केंद्र उभे राहिले आणि शेकडो लहान संस्थांना प्रकल्पापुरता पैसा मिळू लागला. पैसा ज्या विषयाला मिळे त्या विषयाकडे संस्था वळत, आणि निधी आटला की कार्यालय बंद होई. गणना करणाऱ्यांना मात्र कार्यालयाची गरजच फारशी नव्हती. दुर्बीण, वही आणि सकाळचे काही तास हे त्यांचे भांडवल, आणि तेवढे त्यांच्यापाशी आधीपासून होते.

या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आलेले कोणी इथे असेल, तर अवश्य लिहावे. विरोधी मत असेल तर ते अधिकच हवे आहे.

व्ल्टावाकाठ

नोकरीच्या निमित्ताने मी बरीच वर्षे चेक प्रजासत्ताकात राहते आहे आणि वसंत ऋतूत एका वयस्क निवृत्त शिक्षकांबरोबर त्यांच्या गणनेच्या वाटेवर जाते. तिथली पद्धत नेमकी कशी आहे हे सांगितले तर धाग्याला उपयोग होईल.

एका वाटेवर वीस थांबे असतात. ऐन विणीच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, ती वाट दोनदा चालायची. प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटे उभे राहायचे आणि तेवढ्या वेळात जो पक्षी दिसेल किंवा ऐकू येईल त्याची नोंद करायची. सकाळ, थांबे, चालण्याचा क्रम आणि शक्यतो निरीक्षकही तोच. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात पहिल्या दोन मिनिटांत इतके आवाज एकदम येतात की नवख्या माणसाची वही कोरीच राहते. आमचे शिक्षक डोळे मिटून उभे राहतात आणि बोटाने दिशा दाखवत पुटपुटतात : इकडे चंडोल, तिकडे दुसरा चंडोल, ओढ्यापलीकडे वटवट्या. चंडोल एक की दोन, हे ठरवणे हेच खरे कौशल्य आहे, कारण एकच पक्षी दोनदा मोजला की पुढची सगळी गणिते बिघडतात.

या कामाचे मोल काय आहे, ते मला इथल्या शेतीच्या इतिहासामुळे उमगले. सामुदायिकीकरणात लहान लहान शेते एकत्र करून प्रचंड मोठी शेते केली गेली, बांध नांगरले गेले, बांधावरची झुडपे गेली, ओल्या कुरणांतले पाणी काढून टाकले गेले. ऐंशीच्या दशकातील नोंदींत शेतशिवारातील पक्षी झपाट्याने घटताना दिसतात. १९९० नंतर सरकारी मदत आटली, खते आणि कीटकनाशके परवडेनाशी झाली, बरीच जमीन पडीक राहिली, आणि नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात पक्षी काही प्रमाणात सावरले. नंतर शेती पुन्हा तीव्र होऊ लागली तशी घसरणही पुन्हा सुरू झाली. इथल्या संशोधकांनी हे २००८ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ते करता आले ते केवळ राजवट बदलण्याच्या आधीपासूनची सलग नोंद हाताशी होती म्हणून. ज्या देशांनी गणना नव्वदनंतर सुरू केली त्यांना ‘आधी’ काय होते हे आता कधीच कळणार नाही.

आणखी एक गोष्ट इथल्या लोकांनाही फारशी ठाऊक नसते. सबंध युरोपातील सामान्य पक्ष्यांच्या गणनांचे एकत्रीकरण २००२ पासून प्रागमधून चालते. युरोपात शेतशिवारातील पक्षी १९८० पासून निम्म्याहून अधिक घटले, हे जे विधान आपण वारंवार वाचतो, त्याचा हिशेब चेक पक्षीशास्त्र संस्थेच्या कार्यालयात होतो.

पोलादी_पडदा_वाचक

धागा वाचनीय आहे, परंतु मला त्यात एक गोष्ट खटकते. साम्यवादी काळातील निसर्गसंस्थांचे चित्र इतके निर्मळ नव्हते. रशियातील निसर्गरक्षण संस्था, ‘व्होप’, १९२४ मध्ये खऱ्या निसर्गप्रेमींनी स्थापन केली, परंतु पुढे तिचे सभासद कोट्यवधींच्या घरात गेले ते कारखान्यांत आणि शाळांत वर्गणी परस्पर कापली जात असे म्हणून. शनिवारच्या ‘सुब्बोत्निक’ नावाच्या श्रमदानात झाडू हाती घेणे ऐच्छिक म्हणवले जाई आणि न येणाऱ्याची नोंद होई. अशा अनुभवातून गेलेल्या पिढीला १९८९ नंतर कोणत्याही संस्थेचे सभासद होणे नकोसे वाटले, आणि राज्यशास्त्रज्ञ मार्क हॉवर्ड यांनी २००३ च्या आपल्या पुस्तकात साम्यवादोत्तर देशांतील नागरी संस्थांची सभासदसंख्या इतर लोकशाही देशांपेक्षा बरीच कमी असल्याचे दाखवून त्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत हे एक प्रमुख आहे. चेकोस्लोव्हाकियात तर ‘टिस’ ही स्वतंत्र वृत्तीची निसर्गसंस्था १९७९ मध्ये मोडीत निघाली आणि त्याच वर्षी तिच्या जागी अधिकृत संघ आला. तेव्हा गणना करणाऱ्यांना मोकळीक होती, असे सरसकट म्हणता येणार नाही.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. मोजल्याने वाचते काय? पोलंडमधील ब्याओव्हिएजाचे जंगल घ्या. तिथल्या सुतार पक्ष्यांच्या आणि घुबडांच्या नोंदी दशकानुदशके होत्या. तरीही २०१६ च्या मार्चमध्ये पर्यावरणमंत्री यान शिश्को यांनी ब्याओव्हिएजा वनविभागातील तोडीची दहा वर्षांची मर्यादा सुमारे ६३,००० घनमीटरवरून १,८८,००० घनमीटरवर नेली. कारण दिले ते सालीत शिरून झाडे मारणाऱ्या भुंगेऱ्याचे, आणि त्यासाठी वनखात्याकडे स्वतःचे आकडे होते. आकड्याला आकडा भिडला की सत्ता ज्याच्याकडे, त्याचा आकडा चालतो.

माळरान (धागाकर्ता)

‘व्होप’ आणि ‘टिस’ यांची उदाहरणे चर्चेत यायलाच हवी होती. सक्तीच्या सभासदत्वाचा मुद्दाही मला मान्य आहे, किंबहुना तो माझ्या म्हणण्याला पूरक आहे असे मला वाटते : ज्या समाजात सभासदांचे आकडे फुगवलेले असतात, तिथे पक्ष्यांचे आकडे खरे ठेवणारी थोडी माणसे अधिकच मोलाची ठरतात. पन्नास लोकांनी तीस वर्षे केलेली गणना कागदावरच्या लाखो सभासदांपेक्षा मला वजनदार वाटते.

ब्याओव्हिएजाविषयी मात्र पुढचा भाग सांगायला हवा. २०१७ मध्ये ‘जंगलासाठी छावणी’ या नावाने तिथे तरुण मंडळी मुक्कामाला आली. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती तोडणीच्या यंत्रांना स्वतःला साखळीने बांधून घेणाऱ्यांची. त्याच वेळी नागरिकांची गस्तीपथके रोज जंगलात फिरून, जीपीएस यंत्र हाती घेऊन, कोणत्या भागात तोड चालू आहे, तो भाग शंभर वर्षांहून जुना आहे की नाही, पडलेले झाड भुंगेऱ्याने ग्रासलेले होते की निरोगी, याची नोंद करत होती. हे कंटाळवाणे, पायपिटीचे काम होते आणि त्यात कोणाचे छायाचित्र येत नव्हते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २७ जुलै २०१७ रोजी तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला. तोड चालूच राहिली तेव्हा २० नोव्हेंबरला आदेश मोडल्यास दिवसाला किमान १,००,००० युरो दंड बजावला. १७ एप्रिल २०१८ च्या निकालात पोलंडने कायदा मोडल्याचे स्पष्ट म्हटले, आणि त्या निकालात पांढऱ्या पाठीचा सुतार, तीन बोटांचा सुतार, छोटी घुबडे आणि मृत लाकडात राहणारे दुर्मीळ भुंगेरे यांचा नावानिशी विचार झाला आहे. मृत लाकूड हा कचरा नसून कोणाचे तरी घर आहे, हे न्यायालयाला सांगण्यासाठी त्या घरातील रहिवाशांची नोंद आधी कोणीतरी केलेली असावी लागते.

बल्गेरियाचे उदाहरण मला याहूनही बोलके वाटते. काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून ‘व्हिया पोंटिका’ हा पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा मार्ग जातो. काल्याक्राच्या भूशिरापाशी तो अरुंद होतो, आणि हिवाळ्यात त्याच पट्ट्यात, शाब्ला आणि दुरानकुलाक तलावांच्या आसपासच्या गव्हाच्या शेतांत, तांबड्या छातीचे हंस हजारोंनी उतरतात. जगात या जातीचे हंस मुळात थोडे, आणि त्यांचा मोठा भाग काही हिवाळ्यांत या एवढ्याशा किनाऱ्यावर असतो. पहाटे हंस तलावावरून उठून चरायला निघतात तेव्हा त्यांच्या माळा मोजायच्या असतात. त्यांच्याबरोबर पांढऱ्या कपाळाच्या हंसांचे कितीतरी मोठे थवे असतात, त्यामुळे आधी एकूण थवा मोजून मग शेतात उतरलेल्या कळपातील तांबड्या छातीच्यांचे प्रमाण काढावे लागते. बल्गेरियाच्या पक्षीरक्षण संस्थेचे स्वयंसेवक गोठवणाऱ्या वाऱ्यात हे करत आले आहेत.

२००७ मध्ये बल्गेरिया युरोपीय संघात गेला. पक्ष्यांसाठी महत्त्वाचे म्हणून पक्षीतज्ज्ञांनी आखलेले काल्याक्राचे संपूर्ण क्षेत्र सरकारने संरक्षित केले नाही, आणि वगळलेल्या भागात पवनचक्क्या आणि गोल्फची मैदाने आली. संस्थेने तक्रार केली, युरोपीय आयोगाने खटला भरला आणि १४ जानेवारी २०१६ रोजी निकाल बल्गेरियाविरुद्ध गेला. स्वयंसेवकांनी आखलेली सीमा शास्त्रीय पुरावा म्हणून सरकारी सीमेपेक्षा वरचढ ठरली. याचे बीज मात्र १९९८ च्या नेदरलँड्सविरुद्धच्या निकालात होते. पक्षीसंस्थांनी केलेल्या महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीला न्यायालयाने तेव्हाच आधार मानले होते. म्हणजे ‘सत्ता ज्याच्याकडे, त्याचा आकडा’ हे तुमचे विधान जिथे सत्तेच्या वर कोणी नाही तिथे खरे आहे. जिथे आहे तिथे आकड्याची पारख होते.

कलम_नऊ

मी पर्यावरण कायद्याचा अभ्यासक आहे, म्हणून या ‘दारा’विषयी थोडे. १९९८ चा ऑर्हूस करार नागरिकांना पर्यावरणाची माहिती मागण्याचा, निर्णयांत सहभागी होण्याचा आणि न्यायालयात जाण्याचा हक्क देतो. गोपनीयतेच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागले नाही. त्यातल्या न्यायालयात जाण्याच्या हक्काला खरी धार आली ती स्लोव्हाकियातील एका प्रकरणामुळे. ‘व्हल्क’ म्हणजे लांडगा या नावाची वनरक्षण संघटना १९९३ पासून पूर्व स्लोव्हाकियात काम करते. नैसर्गिक जंगलात कुऱ्हाड चालू नये ही तिची भूमिका, आणि लोकांच्या वर्गणीतून जंगलाचे तुकडे विकत घेऊन तिने ते राखलेही आहेत. तपकिरी अस्वलाच्या शिकारीला सूट देण्याच्या निर्णयप्रक्रियेत पक्षकार म्हणून बाजू मांडण्याचा हक्क तिने मागितला. खाते म्हणाले, तुमचा काय संबंध? स्लोव्हाक सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला आणि ८ मार्च २०११ रोजी निर्णय आला, की करारातील ते कलम थेट लागू होत नसले तरी राष्ट्रीय न्यायालयांनी आपल्या कायद्याचा अर्थ शक्यतो असा लावावा, की पर्यावरण संघटनेला अशा निर्णयाला आव्हान देता येईल. अस्वलाला स्वतः न्यायालयात जाता येत नाही. त्याच्या वतीने कोणी जावे, हा प्रश्न त्या निर्णयाने बऱ्याच अंशी सोडवला. आज युरोपभर पर्यावरण संघटनांचे वकील या निकालाचा आधार घेतात, आणि तो मिळवणारी संघटना एका लहानशा स्लोव्हाक खेड्यातून चालते.

व्होल्गा_ते_गोदा

ऐंशीच्या दशकात शिक्षणासाठी मी सोव्हिएत संघात होतो. तिथल्या विद्यापीठांतील ‘द्रुझिना’ म्हणजे निसर्गरक्षक पथके यांविषयी लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही.

एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात १९५८ मध्ये विद्यार्थ्यांचे निसर्गरक्षण मंडळ निघाले आणि मॉस्को विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागात १९६० च्या डिसेंबरात पथक स्थापन झाले. पुढे देशभर अशी शंभराहून अधिक पथके झाली. ही मुले शिकारचोरांना पकडत, नववर्षाच्या आधी चोरून तोडलेली फरची झाडे स्थानकांवर जप्त करत, आणि त्याच वेळी शास्त्रशुद्ध पाहण्याही करत. माझ्या वसतिगृहातील एक विद्यार्थी त्या पथकात होता. डिसेंबरच्या रात्री तो उपनगरी गाडीच्या फलाटावर उभा राहून येणाऱ्यांच्या हातांतील फरची पावती तपासत असे आणि परत आल्यावर किती झाडे, कोणत्या गाडीने, हे सारे वहीत उतरवत असे. राज्याने दिलेले काम तो करत नव्हता; स्वतः होऊन पत्करलेले काम तो राज्याच्या देखत करत होता, आणि त्या समाजात हे फार वेगळे होते. याच पथकांतून वाढलेल्या मंडळींनी १९८८ मध्ये ‘सामाजिक-पर्यावरण संघ’ स्थापन केला.

सरकारी अभयारण्यांचाही उल्लेख व्हावा. ‘झापोव्हेदनिक’ म्हणजे मनुष्याच्या वापरासाठी पूर्ण बंद ठेवलेली क्षेत्रे. १९५१ मध्ये स्टालिनच्या काळात त्यांची संख्या १२८ वरून ४० वर आणली गेली, तरी उरलेल्यांतून ‘निसर्गाची बखर’ लिहिण्याची प्रथा चालू राहिली : पहिले फूल कधी उमलले, बर्फ कधी फुटले, कोणता पक्षी कधी परतला. रशिया, युक्रेन, बेलारूस, उझबेकिस्तान आणि किर्गिझस्तान येथील अशा पाच लाखांहून अधिक नोंदी एकत्र करून २०२० मध्ये सर्वांसाठी खुल्या केल्या गेल्या. ते काम आज कितपत शक्य झाले असते, याची मला शंका वाटते.

कारण रशियात ते दार बंद झाले आहे. २०१२ च्या ‘परकीय हस्तक’ कायद्यात वनस्पती आणि प्राणी यांचे संरक्षण हे राजकीय कार्य धरले जाणार नाही, असे लिहिलेले होते. तरीही कालिनिनग्रादच्या ‘एकोझाश्चिता’ या संघटनेवर २०१४ मध्ये तो शिक्का बसला आणि नंतर इतर अनेक पर्यावरण संघटनांवर बसत गेला. २०२३ च्या मे महिन्यात ग्रीनपीस आणि जूनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ ‘अनिष्ट संघटना’ ठरल्या; अशा संघटनेत सहभागी होणे हा तिथे गुन्हा आहे. बेलारूसमध्ये २०२१ पासून स्वयंसेवी संस्था शेकड्यांनी मोडीत काढल्या गेल्या, ऑर्हूस कराराच्या सदस्य देशांनी त्या वर्षी बेलारूसचे विशेषाधिकार स्थगित करण्याचे ठरवले आणि २०२२ मध्ये तो देश करारातूनच बाहेर पडला. बेलारूसच्या दलदलींत ‘अ‍ॅक्वाटिक वॉर्बलर’ हा युरोपातील अत्यंत धोक्यात असलेला वटवट्या मोठ्या संख्येने आहे, हे जगाला नव्वदच्या दशकातील पाहण्यांमुळे कळले. त्या पाहण्या करणाऱ्यांना आज संघटना म्हणून एकत्र येण्याची सोय राहिलेली नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

राजमाची

धाग्याचा आपल्याकडे एक थेट दुवा आहे, तो नोंदवते. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि डिसेंबरात लोणावळ्याच्या पठारांवर आम्ही अमूर ससाण्याची वाट पाहतो. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघालेले हे ससाणे नागालँडमध्ये विसावा घेऊन, भारतीय द्वीपकल्प ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेत जातात. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ ते जाळ्यांत प्रचंड संख्येने मारले जात असल्याचे उघड झाले. गावकऱ्यांनी, चर्चने आणि वनखात्याने मिळून पुढच्याच वर्षी हत्या पूर्णपणे थांबवली. २०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांना उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवण्यात आले आणि त्यांना नागा, वोखा आणि पांगती ही नावे दिली गेली. भारतीय वन्यजीव संस्थेबरोबर हे काम करायला आलेले तज्ज्ञ हंगेरीच्या ‘एमएमई’चे होते, म्हणजे धागाकर्त्यांनी उल्लेख केलेल्या १९७४ च्या संस्थेचे.

त्यांना हे कौशल्य आले कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. हंगेरीच्या माळरानांवर अमूर ससाण्याचा जवळचा नातलग, लाल पायांचा ससाणा, राहतो. तो स्वतः घरटे बांधत नाही. रूक जातीच्या कावळ्यांच्या वसाहतीतील तयार घरट्यांत तो अंडी घालतो. ऐंशीच्या दशकापर्यंत हे कावळे पिकांचे शत्रू म्हणून विष घालून आणि गोळ्या झाडून मारले गेले, वसाहती ओस पडल्या आणि ससाण्यांची घरेच गेली. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी आणि स्वयंसेवकांनी झाडांवर लाकडी पेट्या बसवल्या, दर हंगामात त्या तपासल्या, पिल्लांच्या पायांत कडी घातली, काही पक्ष्यांना उपग्रह-यंत्रे लावली. त्या सरावाचा उपयोग नागालँडमध्ये झाला.

पोलादी_पडदा_वाचक

काल्याक्राचे उदाहरण मला पटले. तरीही गणनेच्या मर्यादांविषयी कोणी लिहिलेले नाही. चेक पद्धतीत निरीक्षक आपली वाट स्वतः निवडतो, असे मी वाचले आहे. तसे असेल तर माणसे सुंदर जागाच निवडणार, आणि जिथे काहीच उरलेले नाही असे शेत कोणीच मोजणार नाही.

व्ल्टावाकाठ

शंका रास्त आहे. जुन्या गणनेत वाट निरीक्षकाच्या पसंतीची असे. पोलंडमध्ये २००० पासून नकाशावरचे चौकोन चिठ्ठी टाकल्याप्रमाणे निवडले जातात, हंगेरीतही तसेच आहे. त्यामुळे स्वयंसेवकाच्या वाट्याला कधी कारखान्यामागची ओसाड जागा येते आणि ती त्याला इमानेइतबारे मोजावी लागते. वयाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. वाढत्या वयात उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि काही चिमुकल्या पक्ष्यांचा आवाज नेमका त्याच पट्टीत असतो. निरीक्षक म्हातारा झाला की पक्षी घटले, असे कागदावर दिसू शकते. आमचे शिक्षक आता त्या आवाजांसाठी बरोबरच्या तरुण मुलीच्या कानांवर विसंबतात आणि नोंदवहीत कोणी काय ऐकले ते वेगळे लिहितात. हिशेब करणाऱ्यांना निरीक्षक बदलल्याचे कळवणे बंधनकारक आहे, तेही याचसाठी.

तरुण लोक येत नाहीत, असे मात्र नाही. बेस्कीडी डोंगरात ‘दुहा’ या संघटनेच्या लांडगा-गस्तीला हिवाळ्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने जातात. बर्फातील ठसे मापायचे, केस आणि विष्ठा नमुन्यासाठी गोळा करायची, आणि जंगलात कोणीतरी फिरते आहे हे शिकारचोरांना कळू द्यायचे, असे त्या गस्तीचे स्वरूप असते. लिंक्स या मोठ्या रानमांजराची चोरटी शिकार तिथे अनेक वर्षांची डोकेदुखी आहे.

माळरान (धागाकर्ता)

चर्चेत सगळ्यांनी मोलाची भर घातली. एक ताजी घडामोड नोंदवतो, कारण ती या गणनांना थेट लागू पडते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निसर्ग पुनःस्थापनेचा कायदा केला. त्यात शेतशिवारातील पक्ष्यांचा निर्देशांक हा कायदेशीर मापदंड आहे. जिथे हे पक्षी आधीच अधिक घटले आहेत, त्या देशांनी २०३० पर्यंत तो १० टक्क्यांनी, २०४० पर्यंत २० आणि २०५० पर्यंत ३० टक्क्यांनी वाढवायचा आहे. म्हणजे निवृत्त शिक्षक आणि त्यांच्याबरोबरची ती मुलगी वीस थांब्यांवर जे लिहून घेतात, त्यावरून एका देशाचे कृषिधोरण कायद्याच्या कसोटीला उतरते की नाही हे ठरणार आहे. शेतकरी संघटनांचा या कायद्याला तीव्र विरोध होता आणि हंगेरी व पोलंड या दोन्ही सरकारांनी मंत्रिपरिषदेत त्याविरुद्ध मत दिले. निर्देशांक आता कायद्याशी जोडला गेल्यामुळे गणना कोणी करायची, तिचा खर्च कोणी उचलायचा आणि मोजणाऱ्यावर दबाव आला तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, हे प्रश्न पुढच्या काही वर्षांत तापणार आहेत. स्वयंसेवकाने फुकट केलेल्या कामावर सरकारने कायदा चालवावा आणि संस्थेला मात्र दर वर्षी अनुदानासाठी अर्ज करायला लावावे, ही व्यवस्था मला न्याय्य वाटत नाही. ‘कलम_नऊ’ यांनी या नव्या कायद्यात स्वयंसेवी नोंदींचे स्थान काय आहे यावर सवडीने लिहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.